खिडकीची वजावट

ज्या जिल्ह्याचा देव विटेवर उभा आहे, त्या जिल्ह्याचं मुख्य शहर मात्र मूळचं विटेचं नव्हे. सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती आणि माथ्यावर माळवद, अशी घरं अजूनही दिसतात. 1877 मध्ये जुनी मिल आली, गिरण्या वाढल्या, चाळी उठल्या आणि भाजकी वीट सामान्यांच्या घरापर्यंत पोहोचली. आता एनटीपीसीच्या वीज प्रकल्पामुळे राखेची वीटही आली आहे.

मला विटेची ओढ लागली ती मात्र शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमुळे. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातलं तगर हे शहर म्हणजे देवगिरी, जुन्नर की आणखी कुठलं गाव, यावर विद्वान बरीच वर्षं भांडत होते. 1901 मध्ये फ्लीट या अभ्यासकाने तेरच्या बाजूने कौल दिला आणि पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझेन्सने तिथल्या वास्तूंची तपशीलवार नोंद केली. तिथलं त्रिविक्रम मंदिर पाठीमागून अर्धगोल आहे. मूळचं ते विटांचं बौद्ध चैत्यगृह. अशी बांधीव चैत्यगृहं आज देशात फार थोडी उभी आहेत, आंध्रातलं चेझर्ला हे त्यांतलं दुसरं.

तेरची भिंत शतकानुशतकं टिकते आणि आपल्या न्हाणीघराच्या भिंतीला तिसऱ्या वर्षी तडा जातो. दोष विटेला दिला जातो, पण विटेची परीक्षा सोपी आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये आणि चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर साध्या विटेचं वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढू नये. भट्टीवर जाऊन एवढं पाहिलं तर विटेचा प्रश्न मिटतो. उरतात जमीन, पाणी आणि कामाची बोली. पहिल्या दोन्हींवर इंजिनिअर बोलतात. बोलीवर कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते घरं तिथेच बिघडतात.

आपल्याकडे काम ठरतं ते ब्रासवर. वीटकामाचा ब्रास शंभर घनफूट, गिलाव्याचा शंभर चौरस फूट. दर ठरतो, उचल दिली जाते, नारळ फुटतो. मोजायचं कसं, हे कुणी विचारत नाही. मग काम संपतं, टेप निघतो आणि भांडण खिडकीपाशी अडतं. मालक म्हणतो, ‘भोकाचे पैसे कसले?’ मिस्त्री म्हणतो, ‘भोकाच्या कडा काय फुकट केल्या?’

गंमत म्हणजे या भांडणाचा निकाल 1976 मध्येच छापून झालेला आहे. भारतीय मानक संस्थेच्या आयएस 1200 या मोजमापाच्या संहितेत तिसरा भाग वीटकामाचा आणि बारावा गिलाव्याचा आहे. सरकारी कंत्राटात ती रोज वापरली जाते, घरच्या कामात ती क्वचितच कुणी उघडतो. मला ती वाचताना न्यायनिवाडा वाचल्याचं सुख मिळालं.

उदाहरणच घेऊ. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची भिंत आणि तिच्यात चार बाय चारची खिडकी. वीटकाम भरतं 75 घनफूट. खिडकीचे 12 घनफूट पूर्ण वजा होतात, कारण 0.1 चौरस मीटरपेक्षा मोठं भोक वीटकामात वजा करायचंच असतं. राहिले 63. इथे मालक बरोबर. आता गिलावा. दोन्ही बाजू मिळून 200 चौरस फूट. मालक दोन्हीकडून खिडकी कापून 168 म्हणतो, मिस्त्री काहीच न कापता 200. संहिता म्हणते, अर्धा ते तीन चौरस मीटरचं भोक असेल (आपली खिडकी त्यात बसते) आणि गिलावा दोन्हीकडे सारखाच असेल, तर एकाच बाजूची वजावट करा. दुसऱ्या बाजूच्या मोबदल्यात खिडकीच्या आतल्या कडांचं काम आलं, ते वेगळं मोजू नका. आकडा येतो 184. दोघेही अर्धे खरे ठरतात. कडा साधणं हे गिलाव्यातलं सर्वांत किचकट काम आहे, हे ज्या कुणी इंजिनिअरने हा नियम लिहिला त्याला ठाऊक असणार.

म्हणून माझा आग्रह आहे की साध्या वहीच्या पानावर का होईना, लिहून घ्या: मोजमाप आयएस 1200 प्रमाणे, चार इंची भिंत घनफुटात न मोजता चौरस फुटात, परांची कुणाची, पाणी मारणार कोण. पैसे जोतं, लिंटल, स्लॅब अशा टप्प्यांनी द्या आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखा. उलट बाजूही सांभाळा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी गवंडी आणि बिगाऱ्याला मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवायला त्यांना मदत करणं हे मालकाचं आणि ठेकेदाराचं कामच आहे.

पाणी कोण मारणार, हा प्रश्न सोलापुरात क्षुल्लक नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात वीटकाम किमान सात दिवस ओलं ठेवायचं म्हणजे टँकरचा खर्च आधी धरावा लागतो. उन्हाळ्यात चाळिशीपलीकडच्या तापमानात कोरडी वीट लावली तर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. वीट आधी भिजवलीच पाहिजे. बोअरचं खारं पाणी वापरलं तर पुढे भिंतीवर क्षारांचा लोणा फुटणार हेही गृहीत धरा.

जमिनीबद्दल थोडक्यात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. त्यावर लगेच गिलावा थापू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख लिहा आणि वर्षभर पाहा. पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडत असेल तर दुखणं मातीत आहे. तेव्हा गळका पाइप शोधा, घराभोवती उताराची फरशी करा, मोठी झाडं भिंतीपासून लांब ठेवा.

लोणा लागलेली भिंत धुऊ नये, कोरड्या ब्रशने झाडावी आणि ओल कुठून येते ते शोधावं. जुन्या चुन्यातल्या वीटकामाच्या दरजा सिमेंटने भरणं तर मला गुन्हाच वाटतो. सिमेंट विटेहून कठीण. ओल सांध्यातून बाहेर पडेना की ती विटेतून वाट काढते आणि वीटच पोपडे टाकते. तिथे चुनाच हवा, त्याला गवंडीही तसाच हवा, आणि असे गवंडी कमी होत चालले आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी मिस्त्री दारात आला की दराआधी त्याला एकच विचारा: खिडकी कशी मोजणार? जो याचं सरळ उत्तर देईल, त्याला काम द्या.