नौवहन व मालवाहतूक कंपनीची नफाक्षमता : मूल्यमापनाची पद्धत

प्रस्तावना
बालाघाट जिल्ह्यात भरवेलीची मँगनीज खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण असल्यामुळे मालवाहतूक हा आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा व्यवसाय आहे. अनेक तरुण कर्ज काढून ट्रक घेतात आणि हाती आलेले भाडे हीच कमाई समजतात. मोठ्या कंपनीचा ताळेबंद वाचतानाही हीच चूक होते. ती टाळण्याची रीत येथे मांडली आहे.

एका ट्रकचा हिशेब
वर्गासाठी काल्पनिक आकडे घेऊ. महिन्याचे भाडे 2,00,000 रुपये. डिझेल 90,000, चालक व क्लीनरचा पगार 25,000, टायर व दुरुस्ती 20,000, टोल 10,000, विमा व परवाना 10,000. एकूण खर्च 1,55,000. शिल्लक 45,000 दिसते. परंतु 30 लाखांचा ट्रक 10 वर्षे चालेल असे धरल्यास दरमहा 25,000 रुपये घसारा होतो. तो वजा करून उरलेले 20,000 रुपये हा परिचालन नफा होय. भाड्याशी त्याचे प्रमाण 10 टक्के. कर्जाचे व्याज 18,000 असेल तर मालकाकडे 2,000 उरतात. डिझेलचा खर्च 10 टक्क्यांनी वाढला, तर परिचालन नफा 11,000 वर येतो आणि व्याज दिल्यावर 7,000 रुपयांचा तोटा होतो. परतीची खेप रिकामी आली तरी डिझेल व पगार चुकत नाहीत. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या किलोमीटरची नोंद वेगळी ठेवावी.

ट्रककडून जहाजाकडे
जहाजाचा हिशेब याच रीतीचा, परंतु भाड्याचे चढउतार फार मोठे. कोळसा, लोहखनिज, धान्य अशा सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक ड्राय इंडेक्स 20 मे 2008 रोजी 11,793 होता. 5 डिसेंबर 2008 रोजी तो 663 वर आला. अशा व्यवसायात एका वर्षाच्या नफ्यावरून मत बनवू नये. निदान पाच ते दहा वर्षांची सरासरी पाहावी.

दुसरी बाब म्हणजे इतर उत्पन्न. जुने जहाज विकून झालेला नफा किंवा ठेवींवरील व्याज ही वाहतुकीची कमाई नव्हे. 1961 साली स्थापन झालेल्या भारतीय नौवहन निगमाच्या जमिनी व इमारती 2023 मध्ये वेगळ्या कंपनीकडे देण्यात आल्या. मालमत्ता आणि जहाजांचा धंदा वेगवेगळा तपासावा, हे शिकवण्यास हे उदाहरण उपयोगी आहे.

तिसरी बाब कराची. 2004 च्या कायद्याने भारतीय नौवहन कंपन्यांना प्रत्यक्ष नफ्याऐवजी जहाजांच्या टनभारानुसार कर भरण्याचा पर्याय मिळाला. त्यामुळे ट्रक कंपनीशी तुलना करताना करपूर्व परिचालन नफाच घ्यावा.

चौथी बाब भांडवलाची. स्वतःची वाहने नसलेली लॉजिस्टिक्स कंपनी ग्राहकाकडून घेतलेल्या भाड्याचा मोठा भाग वाहनमालकाला देते. तिच्या नफ्याची टक्केवारी कमी दिसते, पण गुंतवलेले भांडवलही थोडे असते. म्हणून परिचालन नफ्याचे भांडवलाशी प्रमाण काढणे आवश्यक आहे.

निष्कर्ष
उलाढाल वाढली म्हणजे धंदा सुधारला असे नव्हे. घसारा धरला का, इतर उत्पन्न वगळले का, मंदीची वर्षे पाहिली का आणि भांडवल किती लागले, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रथम परिचयातील एखाद्या ट्रकमालकाच्या हिशेबाला लावावेत. नंतर कंपनीचा वार्षिक अहवाल हाती द्यावा. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब येणे, हाच या पाठाचा खरा उपयोग आहे.