नमुना घ्यायला कोण येणार?

नीरा ते उजनी : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण मळीच्या पाण्यापाशी थांबलो होतो. आसवनीत एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर तांबडं-काळं पाणी मागे उरतं. ते नदीत उतरलं की पाण्यातला प्राणवायू झपाट्यानं संपतो, इथवर आलो होतो. आज त्याच्या पुढचं. मासे मेले, लोक काठावर जमले, मग काय होतं?

समजा, गाळप हंगाम ऐन भरात आहे. जानेवारीतल्या एका सकाळी नीरेच्या पात्रात मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. फोटो निघतात, ग्रुपवर फिरतात, तहसीलदारांना फोन जातो. पण कायद्याला चालेल असा नमुना घेण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, आणि मंडळाची प्रादेशिक नि उपप्रादेशिक कार्यालयं पुण्यात. पुण्याहून बारामती शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. ज्या क्षेत्र अधिकाऱ्यानं निघायचं त्याच्या टेबलावर संमतीपत्रांच्या फायली असतात, हरित लवादाची तारीख असते, दुसऱ्या तालुक्यातलीही तक्रार असते. तो येईपर्यंत दुपार कलते. तोवर सकाळचं पाणी कितीतरी पुढे गेलेलं असतं.

पाण्याचा नमुना म्हणजे बाटली बुडवून आणणं नव्हे. 1974च्या जल कायद्याचं कलम 21 त्याची रीत सांगतं. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकायचा असेल तर कारखानदाराला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर रसायनं घालून तो नदीकाठावरच ‘बांधून’ घ्यावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदलतो. बीओडीची, म्हणजे प्राणवायूची जैविक मागणी मोजायची, बाटली बर्फात ठेवून न्यायची आणि तिथं 27 अंशांवर तीन दिवस ठेवायची. पायरी चुकली की वकील बोट ठेवणार. सगळी मदार पहिल्या दोन-तीन तासांवर आणि जवळपास असलेल्या जाणत्या माणसावर.

जवळपास असा माणूस नाही, असं मात्र नाही. समजा, सणसरची एखादी मुलगी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून परत आली आहे. वर सांगितलेला प्राणवायू तिनं प्रात्यक्षिकाच्या तासाला डझनभर वेळा बांधला आहे. सध्या ती बारामतीच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं पुस्तक वाचत बसली आहे, आणि त्या पुस्तकात नीरा नदी ‘भीमेची उपनदी’ एवढ्या एका ओळीपुरती आहे.

मंडळात जागा नाहीत का? जागाच जागा आहेत. काही वर्षांपूर्वी हरित लवादापुढे जी आकडेवारी आली, तिच्यानुसार देशभरातल्या प्रदूषण मंडळांच्या साडेअकरा हजारांच्या आसपास मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी होती. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही याच कारणावरून राज्यांना फटकारलं. पैसा नाही म्हणावं तर आपलं मंडळ आपला बराचसा खर्च उद्योगांकडून येणाऱ्या संमती शुल्कातून भागवतं. घोडं पेंड खातं ते कागदावर. आकृतीबंध मंजूर व्हायचा, बिंदुनामावली तपासून यायची, सेवाप्रवेश नियम सुधारायचे, मग जाहिरात, मग परीक्षा, मग कुणीतरी न्यायालयात. दरम्यान एकाच अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’. सरकारी मराठीतला हा माझा सर्वात नावडता शब्द. रिकामी खुर्ची भरलेली दाखवायची सोय त्यानं होते.

मंडळाबाहेर पाहिलं तर आणखी मजा आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एखादा विषय हवा, नाहीतर शेती, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. संख्याशास्त्र चालतं, पर्यावरणशास्त्राचं यादीत नाव नाही. नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक असतो, पण त्याला त्या कामाची वेगळी पदविका लागते. कॉलेजात म्हणावं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा झाला खरा, पण तो बहुतेक ठिकाणी भूगोलाच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या वेळापत्रकात एक जादा तास म्हणून बसवला जातो. विषय सक्तीचा झाला, त्यासाठी पद निर्माण झालं नाही.

मध्यंतरी एकदा या पदवीला भाव आला होता. जैवविविधता कायदा 2002चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोकजैवविविधता नोंदवही करायची होती आणि सतरा वर्षं बहुतेकांनी ती केली नव्हती. ऑगस्ट 2019मध्ये हरित लवादानं बजावलं : 31 जानेवारी 2020पर्यंत काम संपवा, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड. मग एकदम धावपळ. पर्यावरणाचं शिकलेल्या मुलांना वहीमागे पैसे मिळू लागले. सहा महिन्यांच्या आत देशभरातल्या वह्या भरायच्या म्हटल्यावर त्या कशा भरल्या असतील, ते वेगळं सांगायला नको. वह्या कपाटात गेल्या, मुलं घरी गेली.

राहिले कारखाने. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. शिवाय एमआयडीसी आणि भिगवणचा कागद कारखाना. सांडपाणी प्रक्रिया केंद्र सगळ्यांना लागतं. तिथं काम आहे, पण ते मुख्यतः पंप चालू-बंद करण्याचं आणि रजिस्टर भरण्याचं, तेही ठेकेदाराकडून आणि पुष्कळदा हंगामापुरतं. संमतीपत्रांची आणि पर्यावरण अहवालाची कागदपत्रं शहरातली सल्लागार कंपनी करते. साखर आणि आसवनीसह सतरा प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय मंडळानं 2014पासून ऑनलाइन मापनयंत्रं सक्तीची केली, त्यामुळे माणसाची गरज कमी झाली असं कुणी म्हणेल. पण यंत्र बसतं अधिकृत नळीच्या तोंडाशी. रात्री मागच्या बाजूनं ओढ्यात काही सोडलं तर ते त्याला कसं दिसणार?

ऑगस्ट 2025मध्ये केंद्रानं यावर एक उत्तर काढलं : पर्यावरण लेखापरीक्षण नियम. मंडळांकडे माणसं अपुरी आहेत हे मान्य करून, परीक्षा घेऊन किंवा अनुभव पाहून खासगी लेखापरीक्षकांना प्रमाणित करायचं आणि कुणी कुठला कारखाना तपासायचा हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवायचं. आपला लेखापरीक्षक आपणच निवडायची मुभा कारखानदाराला नाही, ही त्यातली जमेची बाजू. अभ्यासिकेतल्या मुलीला इथं वाट दिसू शकते. तरी माझी शंका आहे. लेखापरीक्षक ठरलेल्या दिवशी येणार, कागद आणि केंद्र पाहून जाणार. मासे ठरलेल्या दिवशी मरत नाहीत. सकाळी सात वाजता नीरेवर बर्फाची पेटी घेऊन पोचायचं तर माणूस बारामतीतच राहायला हवा, आणि त्याच्या सहीला कायद्यात वजन हवं. तालुक्याच्या गावी मंडळाचा एक अधिकारी, एक छोटी प्रयोगशाळा आणि एक दुचाकी, एवढाच हा खर्च आहे. एका कारखान्याच्या हंगामाच्या हिशेबात तो कुठं दिसणारही नाही.

पुढच्या आठवड्यात उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावला. तिथलं पाणी पुण्याहून येतं, आणि त्याच पाण्यावर चिलापी पकडणाऱ्यांची आणि रोहित पक्षी दाखवणाऱ्या नावाड्यांची पोटं चालतात.