मण्यांवर मोजलेला श्वास

लहान लेकराला डबा झाला, पोट उडायला लागले, की आपल्याकडे आधी बिब्बा किंवा तापलेली सळई शोधली जायची. दवाखाना दूर, रस्ता नाही, त्यात पावसाळा. गडचिरोली जिल्ह्यात तर पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे छापून येत आली. अशा मुलुखात न्यूमोनिया ओळखायचा कुणी? एक्स-रे नाही, डॉक्टर नाही. गावात होती ती दाई. तिला शाळा ठाऊक नाही आणि पन्नास-साठपर्यंत मोजताही येत नाही.

यावर ‘सर्च’ या संस्थेने काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. एका लाकडी चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ श्वास ही हद्द, त्याहून मोठ्या तान्ह्याला पन्नास. दाईला दहापर्यंत मोजता आले म्हणजे भागले. बाकीचा हिशेब मणी करतात.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. जिल्हा तेव्हा उणापुरा चार वर्षांचा. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा शोध घेतला. आदिवासींमध्ये हा आजार आहे हे सिद्धही झाले. पण लोकांनी त्यात रस घेतला नाही. प्रश्न डॉक्टरांचा होता, गावाचा नव्हता! ही गोष्ट डॉ. बंग स्वतःच जाहीरपणे सांगतात, हे विशेष. एरवी आपल्याकडे सर्वेक्षणाला येणारा साहेब फॉर्म भरतो, चहा घेतो आणि जातो. त्या फॉर्मचे पुढे काय झाले, हे गावाला कधी कळते का?

पुढे गणित बदलले. आधी विचारायचे, मग शोधायचे. बायांनी आपली दुखणी राणीताईंजवळ मोकळी केली. त्यातून दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली आणि 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास असल्याचे निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. तोवर जगाच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच! तिच्या अंगावरून जाते, कंबर दुखते, हा आजार म्हणून कुणी धरतच नव्हते.

मण्यांच्या चौकटीचा हिशेबही पक्का ठेवला गेला. 58 गावांत दाया आणि गावातलेच आरोग्यसेवक न्यूमोनियाचा उपचार करू लागले, 44 गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. गावातच उपचार झालेल्या 612 दुखण्यांत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत, 0.8 टक्के राहिले. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के होते. आकडे 1990 सालचे, पण आजही वाचताना थांबायला होते. तुलनेच्या गावांतली लेकरेही कुणाची तरी होतीच की. असा प्रश्न मनात येतो आणि यायलाच हवा.

त्याहून अवघड काम होते नुकत्या जन्मलेल्या बाळांचे. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवले. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचली ती शंभरात तीनसुद्धा नाहीत. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर काढायचे नाही हा रिवाज, आणि काढून न्यायचे तरी कुठे? तेव्हा गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केले. वजनाचा काटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी झोळी, श्वास अडकल्यास हवा द्यायचे साधन आणि जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनचे इंजेक्शन, असे सामान त्यांच्या हाती आले. खेड्यातली बाई सुई टोचणार म्हटल्यावर भल्याभल्यांच्या भुवया चढल्या. आईबापांची संमती घेऊनच काम चालले. तिसऱ्या वर्षी हजारी नवजात मृत्यू त्या गावांत 25 वर आले होते, तर शेजारच्या तुलनेच्या गावांत 60 च्या घरात होते. 1999 साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आले.

दवाखानासुद्धा लोकांना विचारूनच बांधला गेला. आदिवासी दवाखान्याला का भितात? तर पांढरे कपडे म्हणजे मढ्याचे कपडे, आणि आजाऱ्याला नातलगांपासून तोडतात म्हणून. मग धानोरा रस्त्याला शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या खोल्या उभ्या राहिल्या, नातलगही सोबत राहू लागले. नाव ठेवले दंतेश्वरी देवीचे, तेही लोकांच्याच म्हणण्यावरून.

घरच्या घरी बाळाची ही काळजी 2011 साली केंद्र सरकारने देशभर उचलली. आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात फेऱ्या मारतात, ती हीच पद्धत. इंजेक्शन मात्र त्यांच्या पिशवीत आले नाही. ज्या बाईने ते काम करून दाखवले, तिच्यावरच भरवसा कमी पडला म्हणायचा!

कोरोनात पुन्हा हीच बाई आठवली. मार्च 2020 मध्ये गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या, कुठे रस्त्यावर काटे टाकले. ते कुणी शिकवले नव्हते. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आशाताई ताप मोजत, बोटाला ऑक्सिमीटर लावत दारोदार हिंडल्या. आकडे वर गेले. गावाला काय हवे ते विचारायचा रकाना काही त्या कागदावर नव्हता. जून 2021 मध्ये कोरोनामुक्त गावांसाठी बक्षिसे जाहीर झाली, पहिले पन्नास लाखांचे. त्याच महिन्यात आशाताई मानधनासाठी संपावर होत्या.

विचारायची जागा कागदावर तरी आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असे लांबलचक नाव आहे तिचे. गावातल्या बायका तिच्यावर असतात, आशाताई असते, थोडा निधीही असतो. आपल्या गावात मागच्या वर्षी किती बाळे दगावली आणि कशाने, हे पुढच्या सभेत त्या समितीला विचारून पाहावे. आकडा नोंदवहीत असेल तर उत्तमच. नसेल तर सुईणीला आणि शेजारणीला विचारा, त्यांच्या तो तोंडपाठ असतो.