मुक्काम करीत जाणारा निरोप

(द्वितीय वर्ष, कला)

निरोप पोहोचविण्याचे दोन मार्ग आपल्या परिचयाचे आहेत. एक दूरध्वनीचा, दुसरा पत्राचा. दूरध्वनीवर बोलायचे तर दोन्ही टोकांची माणसे एकाच वेळी हजर असावी लागतात आणि मधली वाट सलग असावी लागते. वाट तुटली की बोलणे तुटते. पत्राचे तसे नाही. ते पेटीत पडते, थैलीत जाते, गाडीची वाट पाहते, पुराने रस्ता बंद असला तर एखाद्या कचेरीत मुक्काम करते आणि पाणी ओसरले की पुढे निघते. पाठविणारा झोपी गेला तरी पत्राचा प्रवास चालूच असतो.

आजची संगणकांची जाळी बहुतांशी पहिल्या मार्गाची आहेत. दोन टोकांचे संगणक एकमेकांना ‘मिळाले का?’, ‘मिळाले’ असे सतत विचारीत-सांगत असतात. ठरलेल्या अवधीत उत्तर आले नाही तर मजकूर पुन्हा पाठवितात आणि अखेर नाद सोडतात. पृथ्वीवर हे निभते. परंतु मंगळावर निरोप जायला ग्रहांच्या स्थितीप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि यान ग्रहाआड गेले तर वाटच बंद होते. तेथे अशी प्रश्नोत्तरे कशी चालावीत? १९९८ च्या सुमारास व्हिंटन सर्फ व अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे शास्त्रज्ञ या प्रश्नाला भिडले. त्यातून जी पद्धत वाढली तिला आपण ‘विलंब सोसणारे जाळे’ म्हणू. तिची ‘बंडल प्रोटोकॉल’ ही नियमावली २००७ साली प्रसिद्ध झाली व २०२२ साली सुधारून निघाली. बंडल म्हणजे पुडके. नावातच टपालखाते आहे!

या जाळ्यातील प्रत्येक संगणक म्हणजे एक टपालठाणे होय. ते चालते करताना काय काय ठरवावे लागते, हे टपालाच्याच उदाहरणाने पाहू.

पहिली गोष्ट पत्ता. प्रत्येक ठाण्याला स्वतःचे नाव वा क्रमांक हवा. आपल्या टपालात हे काम पिनकोड करतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे नामवंत कवीही होते, हे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने सांगावे असे आहे. आमच्या चऱ्होलीच्या पत्रावर ४१२१०५ हा आकडा असतो. पहिल्या आकड्याने विभाग कळतो, पहिल्या तिहींनी वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींनी वाटपाचे टपालघर. दिल्लीच्या कारकुनाला चऱ्होली ठाऊक असण्याची गरज नाही. पुढचे ठाणे कोणते एवढे कळले की त्याचे काम झाले.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. कोणत्या दोन ठाण्यांची गाठ केव्हा पडणार, किती वेळ टिकणार आणि तेवढ्यात किती माल जाईल, याची यादी आधी भरून ठेवतात. गाडी येईपर्यंत पुडके जपून ठेवायचे, म्हणून ठाण्यापाशी पुरेशी कोठारेही लागतात.

तिसरी गोष्ट आयुष्य. प्रत्येक पुडक्यावर ते केव्हा निघाले व किती काळ उपयोगाचे, हे लिहिलेले असते. मुदत संपली की ठाणे ते टाकून देते. आयुष्य फार थोडे दिले तर निरोप वाटेत मरतो, फार दिले तर शिळ्या निरोपांनी कोठार भरते.

चौथी आणि सर्वांत नाजूक गोष्ट वेष्टनाची. टपालात एका गावची पत्रे थैलीत घालून तोंडाला सील करतात व थैलीवर पुढच्या ठाण्याचे लेबल लावतात. मधल्या प्रवासात फक्त लेबल वाचायचे. आतली पत्रे कुणाची, हे त्या ठाण्यावर थैली फोडल्यावरच कळते. तसेच येथेही एक संबंध पुडके, त्याच्या पत्त्यासकट, दुसऱ्या पुडक्याच्या पोटात घालता येते. वाटेचा एखादा टप्पा बेभरवशाचा असला, किंवा तेथे आतला पत्ता उघड होऊ द्यायचा नसला, म्हणजे ही युक्ती कामी येते. त्या टप्प्यापुरती पोच मागण्याचे कामही बाहेरच्या वेष्टनावर सोपविता येते. पूर्वी रजिस्टर पत्र हातोहात सह्या घेत जाई, तसेच हे. (ती सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली.) पोच येईपर्यंत मागच्या ठाण्याने आपली प्रत फेकायची नाही, हा यातला मुख्य दंडक.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. बाहेरच्या वेष्टनाचे आयुष्य आतल्या पुडक्याच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा कमी नसावे, नाहीतर जिवंत पत्र मेलेल्या थैलीबरोबर कचऱ्यात जाते. दुसरे, ‘या वाटेचे सारे पुडक्यात घाला’ असा नियम केला, तर तयार झालेल्या थैलीला तो लागू होता कामा नये. नाहीतर थैलीत थैली, तिच्यावर पुन्हा थैली, असे चालूच राहील आणि दाराबाहेर काहीच पडणार नाही.

साठवून पुढे पाठविण्याचे मोल किती, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज या दुर्बिणीने पृथ्वीवरून थेट ऐकला. उतरण्याच्या जरा आधी तो थांबला. काहीतरी बिघडले एवढे कळले, पण काय ते कळेना. मात्र वर फिरणाऱ्या सोबतच्या यानाने शियापरेलीचा तपशीलवार मजकूर टिपून ठेवला होता व तो मागाहून पृथ्वीकडे धाडला. त्यावरून चौकशीत निष्पन्न झाले, की आपण जमिनीखाली पोहोचलो असा यानाच्या संगणकाचा चुकीचा समज झाला आणि त्याने हवेतच छत्री सोडून दिली. तेथे वापरलेली नियमावली बंडलची नव्हती, तत्त्व मात्र तेच. बोलणारा नाहीसा झाला, परंतु त्याचे बोलणे कुणीतरी जपून ठेवले होते.

हे सारे अंतराळापुरतेच आहे असे वाचकांनी समजू नये. सुमारे २००३ साली कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर तालुक्यात ‘डाकनेट’ नावाचा प्रयोग झाला. बसवर एक यंत्र बसविले होते. बस गावात आली की ते तेथील संगणकातील अर्ज बिनतारी उचलून घेई आणि तालुक्याला पोहोचल्यावर खाली करी. जमिनीच्या उताऱ्यांची मागणी अशी एस्टीने प्रवास करू लागली.

हा विषय मी का निवडला, तेही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर भरायचा असतो. तीन पाने भरून होतात, चौथ्याला रेंज जाते आणि सारे पुसले जाऊन पुन्हा पहिले पान समोर येते. ज्याच्या घरी अखंड जोडणी आहे त्याला हे कधी जाणवतही नाही. ही यंत्रणा रचणाऱ्याने तुटलेल्या वाटेला अपवाद मानले. आमच्यासारख्यांना तो रोजचा रस्ता आहे. भरलेले पान फोनमध्येच जपावे, रेंज आली की पुढे पाठवावे आणि पोच मिळेपर्यंत प्रत टाकू नये, एवढे जरी केले तरी कित्येकांचे अर्ज मुदतीत पोहोचतील. मंगळावरच्या यंत्रासाठी जी काळजी घेतली जाते, ती खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या अर्जासाठी घेणे अवघड नसावे.