भिंतीतले वीस नळ

पुण्यात बिअर प्यायची म्हणजे वर्षानुवर्षं परमिट रूम. काचांना काळी फिल्म, आत एसीचा गारठा, टेबलावर चणाडाळीची वाटी आणि वेटरचा एकच प्रश्न : माइल्ड की स्ट्राँग? चिल्ड आहे ना, एवढं गिऱ्हाइकानं विचारायचं. बिअरबद्दल याहून जास्त काही बोलता येतं, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं.

बालेवाडीत नव्यानं उघडलेल्या एका पबमध्ये गेलो, तर तो एक प्रश्न सोडून बाकी सगळं विचारलं गेलं. बारमागच्या भिंतीतून वीस नळ बाहेर आलेले. वर काळा फळा, त्यावर खडूनं बिअरचं नाव, अल्कोहोलचा टक्का आणि कडवटपणाचा आकडा. हेफेवायझन, विट, पिल्सनर, तीन तऱ्हेच्या आयपीए, स्टाउट, कोकमाची एक, आंब्याची एक, शिवाय मधापासूनची मीड. काही नळ काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्यांतून येतात, बाकीचे बाहेरून आलेल्या केगना, म्हणजे बिअरच्या पिंपांना, जोडलेले. शेजारच्या टेबलावर आयटीतली चार पोरं आयपीएच्या कडवटपणावर तावातावानं भांडत होती आणि समोरचे नाचोज गार होत होते.

पुण्याला ही चटक लागली 2009मध्ये. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी कोरिंथियन्स हॉटेलच्या आवारात 'डूलाली' सुरू केली, ती देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. पुढे मुंढव्यात 'इंडिपेंडन्स', मग 'एफिंगट' आणि बघता बघता बाणेरपासून कल्याणीनगरपर्यंत टाक्या उभ्या राहिल्या. डोंबिवलीच्या 'गेटवे'नं वेगळी वाट धरली : सुरुवातीला स्वतःचा पब न काढता केग भरून मुंबईच्या पबना पुरवायच्या. वीस नळांची भिंत शक्य होते ती अशा पुरवठादारांमुळेच. एकट्या ब्रुअरनं एका जागेत वीस बिअर करायच्या म्हटल्या तर टाक्याच पुरणार नाहीत.

इथला ब्रुअर तिशीतला, मूळचा सांगलीकडचा, पायात गमबूट. "काका, आत या, दाखवतो," म्हणाला. आत वास होता गरम लापशीचा. बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवली की झालं माल्ट. ते भरडून साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. माल्टमधल्या विकरांमुळे पिठाची साखर होते. पाणी दोन-तीन अंश जास्त तापलं तर यीस्टला खाता न येणाऱ्या साखरा उरतात आणि बिअर जिभेवर जाड लागते. गोड पाणी गाळून तासभर उकळायचं. उकळताना हॉप्स या वेलीची फुलं टाकायची, आधी टाकलेली कडवटपणासाठी, शेवटी टाकलेली वासासाठी. मग गार करून यीस्ट. उरलेला चोथा गोठ्यात जातो. म्हशी आवडीनं खातात, असं तो म्हणाला. माल्ट बरंचसं राजस्थान-हरियाणाच्या बार्लीचं, हॉप्स मात्र जर्मनी-अमेरिकेहून येतात. ग्लासची किंमत चारशेच्या घरात का, याचं थोडं उत्तर हॉप्सच्या चांदीच्या रंगाच्या पाकिटांत आहे. थोडं जागेच्या भाड्यात आणि उत्पादन शुल्कात.

हेफेवायझनच्या टाकीपाशी तो जास्त रेंगाळला. गव्हाच्या या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळं नाही की लवंग नाही, सगळी करामत यीस्टची. इडलीचं पीठ थंडीत आणि उन्हाळ्यात वेगळं फुगतं ना, तसं यीस्टचंही. टाकी गरम राहिली की केळं पुढे येतं, गार ठेवली की लवंग. टाकीला बाहेरून गार पाण्याचं वेष्टण असतं. एप्रिलमध्ये भारनियमन झालं आणि जनरेटर वेळेवर लागला नाही, तर त्या खेपेची बिअर सरळ केळ्याकडे झुकते. गिऱ्हाइकाला ती कधी कधी जास्तच आवडते, हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता.

आता त्या वीस नळांबद्दल. फळा जितका लांब तितका पब थोर, असा एक समज रुजलाय. मला तो पटत नाही. तीस लिटरची केग म्हणजे अर्ध्या लिटरचे साठ ग्लास. गव्हाची बिअर शनिवारी एका संध्याकाळी तेवढी संपते. फळ्यावरच्या तिसऱ्या आयपीएची केग मात्र आठवडे पडून राहू शकते. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. उरतो नुसता कडवटपणा, त्यातून पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मला मिळालेली तिसरी आयपीए नेमकी तशीच होती. बारवरच्या मुलीनं हुज्जत न घालता ग्लास बदलून दिला, पण नळ काही बंद केला नाही.

केगपासून नळापर्यंतची नळी हा आणखी एक मामला. तिच्या आत बुरशी आणि जिवाणूंचा थर साचतो. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचा दंडक दर पंधरवड्याला नळ्या कॉस्टिकनं धुण्याचा आहे. नळी मळलेली असेल तर बिअरला लोण्याचा, नाहीतर व्हिनेगरचा वास मारतो. वीस नळ म्हणजे धुवायच्या वीस नळ्या, आणि धुताना आत असलेली बिअर गटारात. ग्लासकडेही बघावं. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथं साबण किंवा तेलकटपणा राहिलाय. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटागणिक फेसाचं एक वलय मागं राहतं.

फळ्यावरची स्थानिक नावं मी संशयानंच मागवली. आंब्याच्या बिअरमध्ये हापूसचा गर खरा होता, पण फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. हाती येतो सुवास, गोडवा नाही. आमरसाच्या आशेनं मागवणाऱ्यांचा हिरमोड ठरलेला. कोकमाचं मात्र जमलंय. लाइपझिगकडे मीठ आणि धणे घातलेली गोझे नावाची आंबट बिअर पूर्वीपासून पितात. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'नं मीठ घातलेली कोकमाची एल केली, तेव्हा दोन्हींची सोयरीक आपसूक जुळली. सोबत तळलेला बोंबील असेल तर विचारायलाच नको. मीड पिरंगुटच्या 'मूनशाइन'ची होती. ही मंडळी 2018पासून मध आंबवून बाटलीत भरतात. पबच्या स्वयंपाकघरानं तिच्याबरोबर ठेचा लावलेलं पनीर दिलं, ते नसतं दिलं तरी चाललं असतं.

निघताना ब्रुअर मोबाइलवर कॅलेंडर उघडून बसला होता. महाराष्ट्रात माइल्ड बिअर प्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात, कायद्यानं परवानाही लागतो, पण त्याची डोकेदुखी तिसरीच. ड्राय डे. गांधी जयंती ठरलेली, अनंत चतुर्दशी तिथीप्रमाणे, निवडणूक लागली की मतदानाआधीचे अठ्ठेचाळीस तास आणि मोजणीचा दिवस. टाकीतलं यीस्ट त्या दिवशीही कामावर असतं. एल तयार व्हायला दोन-तीन आठवडे, लागरला त्याहून बरेच जास्त. म्हणजे सप्टेंबरमध्ये काय विकायचं, हे जुलै-ऑगस्टमध्ये ठरवायला हवं. "गणपतीत गव्हाची कमी लावणार," तो म्हणाला, "पडून राहिली तर तिचं काही खरं नाही. स्टाउट लावतो. ती थांबते."