मोटारीची उंची आणि पाट्यांचें बळ

पावसाळा सरला कीं वडगांवाकडील गॅरेजांत एक प्रश्न हटकून कानीं पडतो : "गाडी दोन इंच वर उचलायची, किती होतील?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, रविवारीं लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला जीप घालणारे हौशी. आणि दुसरे, अंदर मावळांतून वा नाणे मावळांतून भाताचीं पोतीं नि दुधाचे कॅन आणणारे पिकअपवाले. दोघांचीं दुखणीं निराळीं आहेत. औषध मात्र बहुधा एकच दिलें जातें.

ओझें पेलणें हें पाट्यांचें किंवा स्प्रिंगचें काम. खड्डा ओलांडल्यावर गाडी झुलत राहूं नये हें पाहणें शॉक अब्सॉर्बरचें. आपले कारागीर त्याला शॉकअप म्हणतात. ही कामाची वांटणी ध्यानांत ठेवली तर पुष्कळ खर्च वांचतो. ओझें घातल्यावर गाडी मागून फार बसत असेल तर दोष पाट्यांचा. कितीहि भारी शॉकअप आणले तरी ती बसणारच. उलट, गाडीची उंची ठीक आहे, पण खड्ड्यानंतर ती दोनतीनदां डुलते, तर पाटे बदलणें व्यर्थ होय.

आतां निवडीकडे वळूं. बोलेरो पिकअपला मागें पोलादी पाटे असतात. 2020 सालीं आलेल्या थारला चारी चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत; तिच्या आधींच्या थारला पुढें टॉर्शन बार व मागें पाटे होते. तेव्हां नुसतें "थारचें किट द्या" असें सांगूं नये, गाडीचें सालहि सांगावें. वेटोळ्याचा कठीणपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे 14 मिलिमीटरच्या जागीं 15 मिलिमीटरची तार घेतली व बाकी सर्व मापें तींच ठेवलीं, तर स्प्रिंग सुमारें 32 टक्के अधिक कठीण होते! लोखंडी बंपर, विंच, टपावरचा कॅरिअर असें वजन कायमचें चढविलें असेल तर अशी स्प्रिंग शोभते. एरवीं दगडांवर चाक दबण्याऐवजीं उसळतें, जमीन सोडतें. आणि जमीन सोडलेलें चाक ना गाडी ओढतें, ना थांबवतें. म्हणून खरेदीपूर्वीं गाडी नेहमींच्या सामानासकट वजनकाट्यावर घालावी, पुढचा व मागचा भार निरनिराळा तोलावा. किटासाठीं हजारों रुपये मोजणारा मनुष्य काट्याचे चार पैसे देण्यास कां कचरतो, हें मला कधीं उमगलेलें नाहीं.

उंचीचें प्रकरण मी महागांत शिकलों. माझ्या जुन्या जीपला एका गॅरेजवाल्यानें लांब शॅकल लावून तीन इंच उचललें. दिमाख वाढला खरा. पुढें लोहगडाकडच्या एका कच्च्या वाटेवर मागचें चाक खळग्यांत लोंबकळलें, आणि जिची लांबी कोणीं वाढविली नव्हती ती ब्रेकची रबरी नळी ताणून फाटली. उतारावर पेडल थेट तळाला टेकलें. पहिल्या गियरांत, हँडब्रेक ओढून धरून गाडी कशीबशी खालीं आणली. शेजारीं माझा धाकटा मुलगा बसला होता. तो सबंध वाटेंत एक शब्द बोलला नाहीं.

उंची वाढली कीं गुरुत्वमध्य वर जातो, गाडी वळणावर अधिक कलते, प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढून त्याचे सांधे लवकर झिजतात. दोन इंचांपुढें जाणाऱ्यानें नळ्या, शाफ्ट, स्टिअरिंगचे दांडे या सर्वांचा हिशेब आधीं करावा. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम आहेच. निर्मात्यानें ठरविलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करण्यास तें मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि 2019 सालीं तेंच सांगितलें आहे. परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे आधीं विचारणें बरें.

निगेविषयीं थोडें. यू-बोल्ट नवे घातल्यावर 500 किलोमीटरांच्या आंत पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले तर पाटे सरकतात, मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि आंस तिरका होतो. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांना शेवटचे कसावेत, जॅकवर असतांना नव्हे. नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून फाटतें. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीखालीं जुनें एंजिन ऑइल मारण्याची आपल्याकडे रीत आहे. लोखंडाला तें मानवतें, पण त्यानें रबर फुगतें नि त्यावर चिखलहि चिकटतो. भातखाचरांतून आल्यावर शॉकअपचे दांडे त्याच दिवशीं धुवावेत. वाळलेला चिखल सील खरवडतो आणि मग तेल गळूं लागतें. शॉकअप जोडीनेंच बदलावेत.

पाटे धुवून उन्हांत वाळूं द्यावेत. चीर गेली असेल तर तेथें गंजाची बारीक तांबडी रेघ उमटते. असा पाटा वेल्डिंग करून पुन्हा बसवूं नये. वेल्डिंगच्या आंचेनें पोलादाचें पाणी उतरतें, आणि तो त्याच जागीं किंवा तिच्या शेजारीं, भरल्या गाडीखालीं तुटतो.