दादीची बेल पोचली का?

घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असले, की हाक ऐकू येण्याचा प्रश्न रोजचाच. दादी वरच्या खोलीत, सूनबाई खाली स्वयंपाकघरात, त्यात मिक्सर चालू. आर्डुइनोवर हात बसलेल्या मुलामुलींना आम्ही सुट्टीसाठी हेच काम सुचवतो: घरी बनवलेली बिनतारी बेल.

यासाठी एनआरएफ२४एल०१प्लस हे रेडिओ मॉड्यूल सोयीचे. त्यातली चिप नॉर्वेच्या नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीची. एकच मॉड्यूल संदेश पाठवते आणि घेतेही. दोन आर्डुइनो नॅनो, दोन मॉड्यूल, दोन बटणे, एक बझर आणि दोन एलईडी एवढ्यात काम भागते.

आधी विजेकडे लक्ष द्यावे. मॉड्यूलला ३.३ व्होल्ट लागतात. त्याच्या व्हीसीसी पिनेला ५ व्होल्ट दिले तर ते निकामी होते. व्हीसीसी आणि ग्राउंड यांच्यामध्ये, मॉड्यूलला अगदी चिकटून, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. संदेश सुटताना वीज एकदम खेचली जाते, ती ओढ तो सांभाळतो. संदेश कधी जातो, कधी जात नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

मग चॅनेल. चॅनेलचा आकडा २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्झ कळतात. चिप १२५ पर्यंतचे आकडे घेते, पण भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा परवान्याविना वापरता येतो. म्हणून ७६ ठेवावा. वायफायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनेलांपासूनही तो बाजूला राहतो. वेग २५० किलोबिट ठेवला तर संदेश जास्त लांब पोचतो. मॉड्यूल लोखंडी कपाटामागे ठेवू नये.

आता महत्त्वाची गोष्ट: पोच. संदेश मिळाला की समोरची चिप आपोआप पोच देते. ती आली नाही, तर पाठवणारी चिप १५ वेळांपर्यंत पुन्हा प्रयत्न करते. तरीही पोच नसेल, तर दादीच्या उशाशी लाल दिवा लागावा, म्हणजे त्या मोबाइल उचलतील. पण ही पोच यंत्राची झाली. माणसाने ऐकले की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून दुसरे बटण स्वयंपाकघरात हवे. ते दाबले की वर हिरवा दिवा लागावा: ऐकले, येतोय.

आणि वरची बॅटरीच संपली तर? खाली शांतता राहील आणि सारे ठीक आहे असे घर समजेल. यासाठी वरच्या यंत्राने दर मिनिटाला एक छोटा संदेश आपणहून पाठवावा. सलग तीन मिनिटे तो आला नाही, तर खालचा बझर वाजावा.

बेल बसवली की रोज एकदा दादींनाच बटण दाबायला सांगावे. त्यांच्या बोटांत तेवढा जोर नसेल, तर मोठे, हलके बटण लावावे.